वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवायचं आहे : कोल्हापुरात जागा पारखायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७८ वर्षांचे. सहा महिन्यांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू लुळी आहे, बोलताना अडखळतात. बीपी आणि शुगर आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. आई ७४ वर्षांच्या, त्यांचेच गुडघे साथ देत नाहीत, आणि घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून येणारी माणसं टिकत नाहीत. तुम्ही पुण्यात, बहीण बंगळुरूला. दोन केअर सेंटर पाहून ठेवली आहेत. एक शहराबाहेर नव्या इमारतीत, चाळीस बेडचं. लिफ्ट, बाग, देवघर सगळं आहे. दुसरं राजारामपुरीतल्या जुन्या बंगल्यात, चौदा जणांचं. यातलं सुरक्षित कुठलं आणि ते ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी परिचारिका आहे. नोकरी मेडिसिन वॉर्डात झाली. त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी आणि अशा केंद्रांत जाऊन जखमा बघणं, सेवा करणाऱ्या मावश्यांना आणि मामांना शिकवणं हेच काम करते. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगते.

तिथं गेल्यावर सगळ्यात परावलंबी माणूस शोधा. ज्याला बोलता येत नाही, स्वतःहून कूस बदलता येत नाही, कुणाकडे गाऱ्हाणं करता येत नाही, असा. मालक तुमची गाठ घालून देतील ती हरिपाठ म्हणणाऱ्या, हसऱ्या आज्जींशी. त्या आज्जी कुठंही ठीकच राहिल्या असत्या. कोपऱ्यातल्या बेडवरच्या त्या माणसाची काळजी कशी घेतली जाते, तेवढीच त्या जागेची खरी पातळी. तुमचे वडील नीट बोलू शकत नाहीत, म्हणजे उद्या ते त्याच बेडवर असणार आहेत.

दुसऱ्याच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करून बघायचा आपल्याला हक्क नाही. दारात उभं राहूनही पुष्कळ कळतं. ओठ फुटलेले आहेत का, जिभेवर पांढरा थर आहे का? तसं असेल तर पाणी पुरत नाही आणि तोंडही कुणी धूत नाही. नखं कापलेली आहेत का? लुळ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली असते. त्या तळहातात कापडाची गुंडाळी ठेवलेली आहे की बोटांची नखं तळव्यात रुतताहेत? चष्मा डोळ्यांवर आहे की कपाटात? कवळी तोंडात आहे की डबीत? पाण्याचा पेला आणि बेल हाताशी आहे का, आणि ती चालणाऱ्या हाताच्या बाजूला आहे का? तुमच्या वडिलांची उजवी बाजू गेली आहे. बेल उजवीकडे टांगलेली असेल तर ती नसल्यातच जमा.

वासाचंही बघा. लघवीचा वास येणं वाईट हे सगळ्यांना कळतं. पण दिवसभर फिनेलचा उग्र दर्प येत असेल तर मला त्याचीही शंका येते. चांगल्या ठिकाणी सकाळी थोडा वास असतो आणि अकरापर्यंत जातो, कारण तोवर अंथरुणं बदलून झालेली असतात. तिथल्या बऱ्याच जणांना अंग खाजवताना पाहिलंत, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसला, तर खरूज पसरलेली आहे असं समजा. खरूज कुठंही येऊ शकते, त्यात लाज नाही. पण ती राहिली आहे याचा अर्थ सगळ्या पेशंटना आणि कर्मचाऱ्यांना एकाच वेळी मलम लावून, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायचं काम कुणी अंगावर घेतलेलं नाही.

आता बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एखादं केंद्र काम करतं की नुसतं सांभाळल्यासारखं करतं, हे यातून सर्वांत स्पष्ट दिसतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे या हाडाच्या जागांवर सतत दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरायला लागते. सुरुवात लाल डागानं होते. बोटानं दाबलं की निरोगी लाली पांढरी पडते आणि परत येते. दाबूनही रंग जात नसेल तर ती पहिली पायरी झाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथं जांभळट छटा, गरमपणा किंवा कडकपणा हाताला लागतो. या टप्प्यावर दाब काढला तर जखम टळते. पुढं गेली की हाडापर्यंत जाते, आणि मग महिनोन्महिने ड्रेसिंग, जंतुसंसर्ग, कधी थेट मृत्यू.

म्हणून केंद्रात विचारा, कूस किती वेळानं बदलता? उत्तर ‘दर दोन तासांनी’ असंच येईल, ते सगळ्यांना पाठ आहे. मग तक्ता दाखवायला सांगा. शहराबाहेरच्या एका ठिकाणी मी दुपारी चारला गेले होते. बेडच्या पायथ्याशी क्लिपबोर्डवर तक्ता लटकत होता. त्यावर संध्याकाळच्या सहाची, आठची, रात्री दहाची नोंद आणि सह्या होऊन गेलेल्या होत्या, सगळ्या एकाच पेनानं, एकाच हाताच्या. बेडवरचे आबा त्या वेळी उताणे होते आणि तक्त्यावर चारला ‘डावी कूस’ लिहिलेलं होतं. तक्ता बघताना घड्याळ बघा आणि पेशंट बघा. तिन्ही जुळले पाहिजेत. खाडाखोड असलेला, वेगवेगळ्या अक्षरांचा, एखादी नोंद राहून गेलेला तक्ता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

हवेची गादी पाहून खूश होऊ नका. आधी पंपाचा दिवा लागलेला आहे का बघा, कारण बऱ्याचदा आवाज होतो म्हणून रात्री बंद करतात. मग पेशंटच्या वजनाप्रमाणे दाब लावलाय का ते विचारा. गादीवर जाड मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर असेल तर गादीचा उपयोग गेला. आणि गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. गादीनं दाब कमी होतो, संपत नाही. टाचांना तर तिचा फारसा उपयोगच होत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या लागतात.

‘सध्या इथं कुणाला बेडसोअर आहे का, आणि तो इथं झालाय की येताना होता?’ हा प्रश्न सरळ विचारा. प्रामाणिक सिस्टर सांगतात, ‘दोघांना आहे. एक घरून घेऊन आले होते, एक इथं झाला, आता भरत आलाय.’ अशा ठिकाणी मी माझं माणूस ठेवीन. ‘आमच्याकडे आजवर कुणालाच झाला नाही’ असं चाळीस बेडच्या ठिकाणी सांगत असतील तर ते बघत नाहीत किंवा लिहीत नाहीत. पडण्याचंही तसंच आहे. शेवटचं कोण पडलं, कधी, कुठं, त्यानंतर काय बदललं, हे विचारा. म्हातारी माणसं चांगल्या ठिकाणीही पडतात. पण ‘पहाटे बाथरूमला जाताना पडल्या, म्हणून आता पाचला आम्हीच उठवून नेतो’ असं उत्तर आलं तर तिथं डोकं चालवणारी माणसं आहेत.

जेवणाच्या वेळी जा, आधी न कळवता. दुपारी साडेबाराला किंवा संध्याकाळी सातला. पाहुण्यांनी त्या वेळेस येऊ नये असा नियम असेल तर कारण विचारा, आणि तरीही आग्रह धरा. लकव्याच्या पेशंटला भरवणं हे कौशल्याचं काम आहे. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाणी, चहा, पातळ आमटी घशातून झरकन उतरते आणि श्वासनलिकेत जाते. त्यातून होणारा न्यूमोनिया हे अशा पेशंटच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. बरोबर भरवणारी मावशी पेशंटला ताठ बसवते, स्वतः समोर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसते. लहान चमचा घेते, हनुवटी थोडी खाली करायला सांगते, घास गिळल्याचं गळ्यावर दिसेपर्यंत थांबते. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट किंवा ओला गॉज फिरवून बघते, कारण तिथं घास साठून राहतो आणि आडवं झाल्यावर घशात जातो. जेवणानंतर निदान अर्धा तास बसवून ठेवते. चुकीचं भरवणंही लगेच ओळखता येतं. मावशी उभी असते, दोघातिघांना आळीपाळीनं एकेक चमचा देत असते, पेशंटची मान मागे टाकलेली असते, तो खोकतो आणि चमचा तरीही तोंडाशी येतो. हे एकदा पाहिलंत तर बाग आणि देवघर विसरून बाहेर पडा.

जेवणात काय असतं तेही बघा. घट्ट पेज, नाचणीचं आंबील, माडगं, मऊ भात, हे गिळायला सोपं आणि आपल्या माणसांच्या तोंडाला ओळखीचं. भाजी-भात-आमटी सगळं एकत्र मिक्सरमधून काढून एकच राखाडी लगदा देत असतील तर माणूस जेवण सोडतो. वेगवेगळं वाटून वेगवेगळ्या वाट्यांत देता येतं, त्याला पाच मिनिटं जास्त लागतात. वडील मटण खाणारे असतील तर रविवारी वाटीभर पांढरा रस्सा मिळेल का, हेही विचारून ठेवा. मला हा प्रश्न कूस बदलण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खाणं पुरतं का याचं उत्तर वजनात असतं. दर महिन्याला वजन लिहिलेलं असलंच पाहिजे. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांनी कारण शोधायचं असतं. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो गेले तर ‘वय झालं’ हे कारण चालणार नाही. जे उभे राहू शकत नाहीत त्यांचं वजन कसं करता असं विचारलं की बऱ्याच ठिकाणी गप्प होतात. व्हीलचेअरसकट वजन करून खुर्चीचं वजा करता येतं, इतकं सोपं आहे.

पेशंटला बेडवरून खुर्चीत कसं घेतात, तेही डोळ्यांनी बघा. काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढत असतील तर खांदा सांध्यातून निखळतो आणि मग तो पुढं कायम दुखतो. कमरेला पट्टा बांधून, चांगली बाजू खुर्चीकडे ठेवून, गुडघ्याला गुडघ्याचा आधार देऊन फिरवणं हे शिकलेल्या माणसाचं काम. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात, हा प्रश्न यानंतरचा.

आता माणसांचा हिशोब. ‘आमच्याकडे भरपूर स्टाफ आहे’ याला अर्थ नाही. दिवसाला किती, रात्री किती, त्यातल्या शिकलेल्या सिस्टर किती, हे वेगवेगळं विचारा. स्वयंपाकी, झाडूवाली, वॉचमन वजा करा. आपल्याकडे केअर सेंटरसाठी माणशी किती वेळ द्यावा असा ठोस आकडा नाही. अमेरिकेत केंद्र सरकारनं २०२४ मध्ये नर्सिंग होमसाठी दर पेशंटमागे दिवसाला किमान ३.४८ तास शुश्रूषा, असा नियम काढला होता. तो २०२५ मध्ये कोर्टात टिकला नाही, पण अंदाज बांधायला आकडा उपयोगी आहे. चौदा पेशंट म्हणजे दिवसाचे साधारण ४९ तास. बारा-बारा तासांच्या पाळीत चार माणसं झाली, म्हणजे दिवसा तीन आणि रात्री एक, किंवा दोन-दोन. चाळीस पेशंटना १३९ तास, म्हणजे जवळजवळ बारा माणसं. तिथं दिवसा पाच आणि रात्री दोन मामा असतील तर दोन तासांनी कूस बदलणं होणारच नाही, मनात कितीही असलं तरी. हे गणित तुम्ही तिथंच उभ्याउभ्या करू शकता.

रात्रीचं तर स्वतः जाऊन बघा. रात्री दहानंतर एक फेरी मारा, औषधाची चिठ्ठी द्यायचं निमित्त करून का होईना. दार कोण उघडतं, किती वेळानं उघडतं, सिस्टर आहे की वॉचमनच सगळं बघतो? अनेक ठिकाणी मावश्या चोवीस तासांच्या असतात; दिवसभर राबलेली बाई रात्री झोपणारच, त्यात तिचा दोष नाही. तिची झोपायची जागा कुठं आहे, सुट्टी कधी मिळते, पगार वेळेवर होतो का, हे तिलाच हळूच विचारा. ‘किती दिवस झाले इथं?’ याला चार जणींकडून ‘दोन-तीन वर्षं’ असं उत्तर आलं तर तो फार चांगला पुरावा आहे. सगळ्याच नव्या असतील तर तुमच्या वडिलांचं अडखळतं बोलणं समजून घ्यायला तिथं कुणी टिकणार नाही. शिकलेल्या सिस्टर म्हणजे जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या. पांढरा ड्रेस कुणालाही शिवता येतो. नोंदणीपत्र मागायला संकोच करू नका.

त्या सिस्टरना किंवा मामांना एक प्रश्न माझ्यातर्फे विचारा : ‘आबांचं तोंड अचानक वाकडं झालं, हात पडला, तर काय कराल?’ एकदा लकव्याचा झटका आलेल्याला दुसरा यायची शक्यता जास्त असते, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून ‘शेवटचे नीट कधी होते ती वेळ बघतो, शुगर तपासतो, १०८ ला किंवा ठरलेल्या अॅम्ब्युलन्सला फोन करतो, तोंडानं काही देत नाही’ असं काहीतरी यायला हवं. ‘मॅडमना फोन करतो’ एवढंच उत्तर असेल तर मॅडम फोन उचलेपर्यंतचा वेळ तुमच्या वडिलांचा जाणार आहे.

औषधांचं कपाट बघा. प्रत्येकाचा डबा नावानिशी वेगळा, गोळी दिल्यावर सही, राहिली तर कारण. इन्सुलिन असेल तर कोण देतं, आणि इन्सुलिन देऊन पेशंट जेवला नाही तर काय करतात? रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस डोक्यावर पडला तर बाहेरून टेंगूळसुद्धा नसलं तरी हॉस्पिटलला न्यायचं, हे तिथल्या रात्रपाळीला माहीत असायला हवं.

आणि झोपेच्या गोळ्या. तुम्ही संध्याकाळी गेलात आणि साडेसातलाच सगळा हॉल पेंगत असेल तर विचारा. रात्री ओरडतात, उठतात म्हणून क्वेटियापिनसारख्या, मुळात मानसिक आजारावरच्या गोळ्या सरसकट दिल्या जातात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या जातीच्या औषधांनी मृत्यूचा आणि लकव्याच्या झटक्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. कधीकधी ही औषधं खरंच लागतात, पण कुठल्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहिली हे कागदावर पाहिजे. माणूस ओरडतो तेव्हा बहुधा त्याला लघवी अडलेली असते, पोट साफ नसतं, कुठंतरी दुखत असतं. ते आधी बघायचं असतं. ओढणीनं खुर्चीला बांधणं, मनगट बेडला बांधणं यावर माझं मत ठाम आहे : जिथं हे रोजचं आहे तिथं आपलं माणूस ठेवू नये. बांधल्यानं पडणं थांबत नाही. माणूस सुटायची धडपड करून जास्त वाईट पडतो, आणि कठडे असले तर कठड्यावरून, म्हणजे अधिक उंचीवरून. पडायची भीती असेल तर बेड खाली करतात, बाजूला गादी घालतात.

इमारतीत मी तीनच गोष्टी बघते. पहिली बाथरूम : कमोडशेजारी चालणाऱ्या हाताच्या बाजूला कठडा, खडबडीत फरशी, बाहेरूनही उघडणारी कडी. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल आणि झरोका बंद असेल तर तो कार्बन मोनॉक्साइडचा सापळा आहे. गीझर बाहेर हवा. दुसरी आग. अग्निशमन दलाचा दाखला, आणि उपकरणं चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं फॉर्म बी, जे दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, ते बघा. जिन्याखाली सिलिंडर, ऑक्सिजनजवळ देवघराची समई, दुसऱ्या दाराला कुलूप, हे दिसलं तर सांगून बघा आणि त्यांची प्रतिक्रिया बघा. २०२१ मध्ये भंडारा, विरार आणि अहमदनगरच्या रुग्णालयांत आगी लागून जी माणसं गेली, त्यांतली जवळजवळ सगळी स्वतःच्या पायानं बाहेर पडू न शकणारी होती.

तिसरी गोष्ट आपल्या गावाची : पूर. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रं बुडाल्यानं शहराचं पाणी तुटलं. २०२१ मध्ये पुन्हा तेच. ज्या भागात घरात पाणी येत नाही तिथंही दूध, औषधं, पेट्रोल, वीज आणि कामाला येणारी माणसं अडकतात. म्हणून जागा पूररेषेत आहे का एवढंच विचारून भागत नाही. औषधं किती दिवसांची साठवता, जनरेटर कुठल्या मजल्यावर आहे, डिझेल किती असतं, हवेची गादी आणि घशातला कफ ओढायचं सक्शन मशीन वीज गेल्यावर किती तास चालतं, रात्रीच्या सिस्टर नदीपलीकडच्या गावातून येत असतील तर त्या दिवशी कोण? तुम्ही पुण्याहून आणि बहीण बंगळुरूहून त्या आठवड्यात पोहोचूच शकणार नाही, हे धरून उत्तरं ऐका.

कागदपत्रांचं थोडक्यात. उपचार देणाऱ्या नर्सिंग होमला १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. ती शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बाहेर जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे होते, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण होतं. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. पण बरीच केअर सेंटर ट्रस्ट म्हणून किंवा नुसत्या शॉप अॅक्टवर, म्हणजे दुकानाला लागणाऱ्या नोंदणीवर चालतात. शॉप अॅक्टचा फ्रेम केलेला कागद काळजीबद्दल काहीच सांगत नाही. ते सलाइन लावत असतील, ऑक्सिजन देत असतील, तर कुठल्या नोंदणीवर, हे विचारा. करारात डिपॉझिट परत कधी, डायपर-ड्रेसिंग-डॉक्टरांची फी वेगळी का, मध्येच हॉस्पिटलला न्यावं लागलं तर बेडचं भाडं चालू राहतं का, हे लिहून घ्या. आणि ‘कोणत्याही दुर्घटनेस संस्था जबाबदार नाही’ अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा.

ठेवायचं ठरलं की पहिल्या दिवशी सिस्टरसमोर वडिलांना डोक्यापासून टाचेपर्यंत तपासा. कुठं लाली, कुठं खरचटलंय, ते लिहा, वजन लिहा, दोघांच्या सह्या घ्या. यात दोघांचंही संरक्षण आहे. पहिल्या महिन्यात आईंनी रोज एकाच वेळी जाऊ नये. कधी नाश्त्याला, कधी संध्याकाळी, कधी रविवारी. वडील अचानक गुंगीत वाटले, जेवेनात, असंबद्ध बोलायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, शुगर उतरणं, नवी गोळी, यातलं काहीतरी बहुधा सापडतं आणि बरंही होतं. तक्रार असली तर आधी सिस्टरशी शांतपणे बोला, मग मालकांना लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर तारखेनिशी लिहिलेलंही चालतं. दुर्लक्ष झालं तर आरोग्य विभाग आहे, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, पैशांचा वाद असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मावशीवर मात्र हॉलमध्ये आवाज चढवू नका. रात्री वडिलांजवळ तीच असते.

तुमच्या दोन जागांबद्दल तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझा कल राजारामपुरीच्या बंगल्याकडे आहे. चौदा जणांत वडिलांचं बोलणं कुणालातरी समजायला लागेल, आणि आई रिक्षानं दहा मिनिटांत पोहोचतात असं तुम्ही म्हटलंय. रोज घरचं कुणीतरी येतं हे माहीत असलं की सगळीकडेच हात जरा जपून चालतात. अटी दोन : रात्री तिथं शिकलेली सिस्टर असली पाहिजे आणि वडिलांना तळमजल्यावरची खोली मिळाली पाहिजे, कारण जुन्या बंगल्याच्या जिन्यावरून स्ट्रेचर वळत नाही. रात्रीची सिस्टर नसेल आणि शहराबाहेरच्या ठिकाणी खरोखर असेल, तक्ते आणि वजनं जुळत असतील, तर तिकडे ठेवा आणि आईंच्या रिक्षेचा महिन्याचा खर्च बजेटमध्ये धरा.

जाताना डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या स्कॅनची सीडी, चालू गोळ्यांची ताजी चिठ्ठी आणि तातडीला कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते एका कागदावर लिहून त्यांच्या फाइलला लावा. त्यावर फोन नंबर लिहाल तेव्हा पहिला नंबर आईंचा नको. कोल्हापुरातलाच चुलतभाऊ, मेहुणा, शेजारी, जो रात्री दोनला उचलेल आणि गाडी काढून निघेल त्याचा पहिला लिहा, आणि त्याला आधी विचारून ठेवा.